कुणाची नोंद खरी धरायची?

1 जानेवारी 2019च्या रात्री 'एमएससी झोई' हे अवाढव्य कंटेनरजहाज पोर्तुगालच्या सिनेस बंदरातून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनकडे चालले होते. उत्तर समुद्रात, फ्रिशियन बेटांच्या उत्तरेला, वादळी लाटांत ते असे काही हेलकावले की डेकवरच्या कंटेनरांच्या थप्प्याच्या थप्प्या कोसळून पाण्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी डच बेटांच्या किनाऱ्यावर खेळणी, चपला आणि टीव्ही संच वाहत आले. एकूण किती कंटेनर गेले? सुरुवातीला आकडा 270च्या आसपास सांगितला गेला. नंतर तो वाढत गेला आणि नेदरलँड्स, जर्मनी व पनामा यांच्या संयुक्त चौकशीत 342 ठरला. गेलेल्यांत दोन कंटेनर धोकादायक मालाचे होते.

प्रत्येक कंटेनरवर क्रमांक होता. कोणता कंटेनर जहाजावर कुठे ठेवला आहे याचा संगणकीय आराखडा होता, बुकिंगच्या नोंदी होत्या, चढवतानाच्या नोंदी होत्या. आकडा तरीही एका दमात सांगता आला नाही. ज्यांना वाटते की जगातल्या प्रत्येक कंटेनरचा ठावठिकाणा कुठल्यातरी पडद्यावर ठिपक्यासारखा लुकलुकत असतो, त्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी.

एका कंटेनरबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. जहाज कंपनी बोलते, टर्मिनल बोलते, कस्टम्स, रेल्वे, ट्रकवाला आणि मालाची पाठवणी जुळवणारा फॉरवर्डर बोलतात. प्रत्येकाची नोंद त्याच्या कामापुरती खरी असते. या नोंदी एकत्र आणण्याचा खटाटोप जर्मनीतली बंदरे पन्नास वर्षे करत आली आहेत. त्यातला नोंद टिपण्याचा भाग आता बऱ्यापैकी सुटला आहे. अडते ते पुढे. दोन नोंदी एकमेकींशी भांडू लागल्या की कुणाची मानायची, आणि मानलेली नोंद कुणाकुणाला दाखवायची, यावर अजून सगळ्यांचे एकमत नाही.

सुरुवात कंटेनरच्या अंगावरच्या क्रमांकापासून होते. त्यात अकरा खुणा असतात. पहिली तीन अक्षरे मालक कंपनीची, चौथे अक्षर बहुधा 'यू', मग सहा अंक आणि शेवटी चौकटीत एकटा बसवलेला अकरावा अंक. आयएसओ 6346 या मानकाने ही रचना ठरवली. अकरावा अंक म्हणजे शाळेत गणित सोडवल्यावर करायचा ताळाच. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आहे. पहिल्या खुणेची किंमत एकाने, दुसरीची दोनाने, तिसरीची चाराने, अशी दुपटीने गुणत जायची, बेरजेला अकराने भागायचे आणि उरलेली बाकी चौकटीत लिहायची. कॅमेऱ्याने 3च्या जागी 8 वाचला तर ताळा जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते.

ताळ्यालाही भोके आहेत, आणि ती मोठी गमतीची आहेत. अक्षरांच्या किमती ठरवताना 11, 22 आणि 33 हे आकडे वगळले गेले. त्यामुळे 'ए'ची किंमत 10 आणि 'के'ची 21 झाली, 'बी'ची 12 आणि 'एल'ची 23. दोन्ही जोड्यांत फरक नेमका अकराचा. म्हणजे 'ए'च्या जागी 'के' वाचला गेला तरी बाकी तीच येते आणि ताळा मुकाट्याने होकार देतो. शिवाय बाकी 10 आली तर एकाच चौकटीत दोन अंक मावत नाहीत म्हणून तेथे 0 लिहितात. 10 आणि 0 या दोन वेगळ्या बाक्या मग एकसारख्याच दिसतात.

टर्मिनलच्या फाटकावर, रेल्वेरुळांवरच्या कमानीवर आणि धक्क्यावरच्या क्रेनवर आता कॅमेरे बसवलेले असतात. त्यांच्यासमोर येणारा कंटेनर मात्र रंग उडालेला, गंजलेला, पोचा पडलेला, पावसाने निथळणारा असू शकतो. म्हणून कॅमेऱ्याचे वाचन एकटे वापरत नाहीत. या ट्रकने आज कोणत्या कंटेनरसाठी वेळ घेतली आहे याची यादी आधीच हाताशी असते. वाचलेला क्रमांक त्या यादीशी ताडला जातो. एखादा अंक अंधुक असला तरी यादीत एकच जवळचा क्रमांक असेल तर काम भागते. दोन कच्चे पुरावे एकत्र आले की एक पक्का पुरावा होतो, हे या साऱ्या शास्त्राचे मूळ सूत्र. धोकाही त्याच सूत्रात आहे. यादीवरचा विश्वास फार बळकट केला, तर यादीच चुकलेली असताना समोर उभा असलेला वेगळा कंटेनर यंत्राला दिसेनासा होतो.

आता समुद्राकडे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या 300 टनेजवरच्या जहाजांना 2004च्या अखेरपर्यंत एआयएस यंत्रणा बसवणे बंधनकारक झाले. जहाज चालत असताना ती दर काही सेकंदांनी आपली जागा, वेग आणि दिशा सांगत राहते. ही माहिती उपग्रहाच्या मदतीने आपोआप ठरते, म्हणून ती भरवशाची. पण त्याच संदेशात जहाजाचे पुढचे बंदर, पोहोचण्याची अंदाजे वेळ आणि जहाज पाण्यात किती बुडाले आहे हे आकडेही असतात, आणि ते जहाजावरच्या माणसाने हाताने भरायचे असतात. कामाच्या धबडग्यात ते जुनेच राहून जातात. एकाच संदेशातले काही रकाने डोळे झाकून घ्यावेत आणि काही चिमटीत धरून घ्यावेत, असा हा मामला आहे.

एआयएस जहाज सांगते, कंटेनर सांगत नाही. तो दुवा जोडतो जहाजाचा मांडणी-आराखडा. आधीचे बंदर सोडताना तो 'बॅप्ली' नावाच्या ठरलेल्या साच्यातल्या संदेशाने पुढच्या टर्मिनलला मिळतो. कोणत्या खणात, कितव्या रांगेत, कितव्या थरात कोणता कंटेनर, त्याचे वजन किती, तो रीफर, म्हणजे शीत-कंटेनर, आहे का, त्यात धोकादायक माल आहे का, हे सारे त्यात असते. 1 जुलै 2016पासून भरलेल्या कंटेनरचे तपासलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, त्यामुळे वजनाचा रकाना पूर्वीपेक्षा विश्वासाचा झाला. जहाज एआयएसवर आणि कंटेनर आराखड्यात. दोन्ही जोडले की भर समुद्रातल्या कंटेनरचाही पत्ता मिळतो. अर्थात आराखड्यात लिहिल्याप्रमाणेच तो चढवला गेला असेल तर.

हॅम्बुर्गच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. हे बंदर समुद्रावर नाही. एल्बे नदीने शंभराहून अधिक किलोमीटर आत जावे लागते. मोठ्या, खोल बुडालेल्या जहाजांना भरतीचे गणित सांभाळावे लागते, आणि दोन अजस्र जहाजे नदीत कुठे समोरासमोर येऊ शकतात यालाही मर्यादा आहेत. 2022च्या सुरुवातीला नदीचे खोलीकरण पूर्ण होऊन हा फास जरा सैल झाला. वेळेचे कोडे मात्र कायम आहे. जहाज कंपनीच्या वेळापत्रकातली वेळ, कप्तानाने कळवलेली वेळ, एआयएसवरून काढलेली वेळ, पायलट मिळण्याची वेळ आणि धक्का मोकळा होण्याची वेळ, अशा पाच वेळा एकाच जहाजाच्या असतात. हॅम्बुर्गमध्ये एचएचएलए आणि युरोगेट हे टर्मिनल-व्यवसायातले प्रतिस्पर्धी यासाठी एकत्र आले. जहाजांच्या हालचालींचा मेळ घालणारे केंद्र, एचव्हीसीसी, त्यांच्या भागीदारीतून चालते. मोठ्या जहाजाला दूर समुद्रातच कळवले जाते की धक्का अमुक वेळेला मिळेल, उगाच इंधन जाळत धावू नका.

2022च्या उन्हाळ्यात ही सारी व्यवस्था तुंबली. कोविडनंतरची गर्दी, उतरवून पडलेले कंटेनर, त्यात जुलैमध्ये बंदर कामगारांचा 48 तासांचा संप. एल्बेच्या मुखाबाहेर जर्मन उपसागरात सुमारे डझनभर मोठी जहाजे नांगर टाकून उभी होती. कील येथील जागतिक अर्थशास्त्र संस्थेने त्या वेळी सांगितले की जगाच्या कंटेनर-क्षमतेचा दोन टक्क्यांहून अधिक भाग एकट्या उत्तर समुद्रात अडकून पडला आहे. हा हिशोब कुठल्याही बंदराने दिलेला नव्हता. 'कील ट्रेड इंडिकेटर' हा निर्देशांक जहाजांच्या एआयएस नोंदींवरून, ती किती बुडाली आहेत याचा आधार घेऊन, देशोदेशीच्या व्यापाराचा अंदाज बांधतो. त्याच्या आधीपासून, 2012पासून, एसेनची आरडब्ल्यूआय आणि ब्रेमेनची आयएसएल या संस्था नव्वदएक बंदरांच्या कंटेनर-उलाढालीवरून दर महिन्याला निर्देशांक काढत आहेत. एक आकाशातून मोजतो, दुसरा धक्क्यावरून. अर्थतज्ज्ञांना सरकारी निर्यात-आकडेवारीपेक्षा हे आधी हवे असतात, कारण ते आठवड्यांनी आधी येतात.

धक्क्यावर उतरल्यावर कंटेनर जातो यार्डात. तिथली दोन चित्रे अगदी वेगळी आहेत.

हॅम्बुर्गचे आल्टेनवेर्डर टर्मिनल 2002मध्ये सुरू झाले. रॉटरडॅमने स्वयंचलित टर्मिनल त्याच्या जवळजवळ दहा वर्षे आधी करून दाखवले होते, पण आल्टेनवेर्डर पुढे अनेकांचा नमुना ठरले. क्रेनखालून कंटेनर उचलून नेणाऱ्या गाड्यांना चालक नाही. जमिनीत पुरलेल्या हजारो खुणांवरून त्या आपली वाट आणि जागा ओळखतात. साठवणीचे 26 पट्टे आहेत आणि प्रत्येकावर दोन क्रेन, एक लहान, एक मोठी. मोठी लहानीच्या डोक्यावरून पलीकडे जाऊ शकते. इथे कंटेनर कुठे आहे हे शोधायचे नसते. संगणकानेच तो तिथे ठेवायला सांगितलेले असते आणि यंत्राने ठेवल्याची पावती दिलेली असते. नोंद आणि वस्तुस्थिती यांच्यात माणसाचा हात येत नाही, म्हणून फटही फारशी पडत नाही.

ब्रेमरहाफेनचा धक्का वेझर नदीच्या काठाने सलग जवळजवळ पाच किलोमीटर पसरला आहे. तिथे कंटेनर हलवतात ते स्ट्रॅडल कॅरियर: उंच चार पायांवर उभी, पोटाखाली कंटेनर धरून धावणारी, माणसाने चालवायची यंत्रे. यांची जागा उपग्रहावरून कळते. यंत्राने जिथे कंटेनर सोडला तिथली जागा म्हणजे कंटेनरची जागा, असे गणित मांडले जाते. दोन रांगांत अंतर थोडे. उपग्रहाचा संकेत उंच थप्प्यांवर आणि क्रेनच्या लोखंडावर आपटून मीटर-दोन मीटर चुकला, तर नोंदीत कंटेनर शेजारच्या रांगेत जातो. मग जे यंत्र पुढच्या वेळी तिथे कंटेनर ठेवायला जाते त्याला जागा भरलेली दिसते आणि जे उचलायला येते त्याला रिकामी. म्हणून यंत्रावर संकेत सुधारणारी साधने, चाकांचे फेरे मोजणारी साधने आणि कंटेनर पकडल्या-सोडल्याचा संकेत देणारा स्प्रेडर, असे सगळे एकत्र करून जागा ठरवतात. लवचीकतेच्या दृष्टीने माणूस चालवत असलेले यार्डच सरस, असे मानणारे जाणकार आजही पुष्कळ आहेत. नोंदीच्या शिस्तीत मात्र आल्टेनवेर्डरला तोड नाही.

टर्मिनलच्या बाहेर गुंता पुन्हा वाढतो. हॅम्बुर्गहून देशात आत जाणारे जवळजवळ निम्मे कंटेनर रेल्वेने जातात, आणि हे युरोपातले सर्वांत मोठे रेल्वेबंदर मानले जाते. ट्रकसाठी एचएचएलएच्या टर्मिनलांवर 2017पासून आधी वेळ आरक्षित करावी लागते. कस्टम्सची स्वतःची 'अॅटलास' यंत्रणा आहे. 1888मध्ये सुरू झालेले हॅम्बुर्गचे मुक्त बंदर 1 जानेवारी 2013ला इतिहासजमा झाले. तोवर कुंपणाच्या आत कस्टम्सची मोकळीक होती, नंतर प्रत्येक परदेशी कंटेनरची जकातीच्या दृष्टीने काय अवस्था आहे हे टर्मिनलला कायम ठाऊक असणे भाग पडले. यार्डात हाताशी उभा असलेला कंटेनर कागदोपत्री अजून देशात आलेला नसतो, ही गोष्ट ट्रकवाल्याला पहिल्यांदा सांगा, तो हसतो. दुसऱ्यांदा तो हसत नाही, कारण तोवर रिकामा परत गेलेला असतो.

या सगळ्या नोंदी एका माळेत ओवायच्या म्हणजे नेमके काय करायचे? काम दिसते त्यापेक्षा किचकट आहे आणि त्यात चमकदार असे काही नाही. कंटेनर उतरला ती वेळ आणि उतरल्याचा संदेश पोहोचला ती वेळ वेगळी असते. कुणी पहिली लिहितो, कुणी दुसरी. फाटकातून बाहेर गेल्याचा संदेश कधी जहाजावरून उतरल्याच्या संदेशाआधी येतो, तेव्हा आलेल्या क्रमावर न जाता घडलेल्या क्रमाने लावावे लागते. एकच घटना टर्मिनलही कळवते आणि ट्रक कंपनीही. त्या दोन घटना नाहीत हे ओळखावे लागते. कुणी वेळ जागतिक प्रमाणात लिहितो, कुणी स्थानिक. जर्मनीत ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे एक तास मागे घेतात त्या रात्री दोन ते तीन हा तास दोनदा येतो, आणि स्थानिक वेळ लिहिणाऱ्या यंत्रणेत 2 वाजून 20 मिनिटांनी गेलेला कंटेनर कुठल्या 2 वाजून 20 मिनिटांनी गेला ते कुणी सांगू शकत नाही. सगळ्यांत घोळ घालते ती ठरलेली वेळ, अंदाजे वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांची सरमिसळ. 2019मध्ये अॅम्स्टरडॅममध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी मिळून स्थापन केलेली डीसीएसए ही संस्था नेमके हेच रकाने ठरवण्याच्या मागे लागली आहे: 'पोहोचले' म्हणजे बंदराच्या हद्दीत, पायलटच्या जागी की धक्क्याला?

मग ही माळ ओवायची कुणी? इथे जर्मन उत्तर शिकण्याजोगे आहे.

ब्रेमेनमध्ये बंदराच्या माहितीसाठी वेगळी संस्था, डीबीएच, 1973मध्येच निघाली. मे 1966मध्ये सी-लँड कंपनीचे 'फेअरलँड' ब्रेमेनला लागले आणि जर्मन भूमीवर पहिले कंटेनर उतरले, त्यानंतर जेमतेम सात वर्षांनी. हॅम्बुर्गने 1982मध्ये डाकोझी काढली. तिची मालकी तीन गटांत वाटलेली: टर्मिनल, फॉरवर्डर आणि जहाज कंपन्यांचे एजंट. दर, विलंब आणि दंड यांवरून एरवी एकमेकांशी वाद घालणारे हे तीन गट एका संस्थेच्या टेबलाशी समान हक्काने बसतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी वेगळी तार जोडण्याऐवजी सगळे संदेश या एका ठिकाणी येतात आणि ज्याचा ज्याला पाहण्याचा अधिकार तितकेच त्याला मिळतात. आयातीच्या मालाचे संदेश एकत्र करणारा डाकोझीचा मंच फॉरवर्डरला सांगतो की जहाज लागले, कंटेनर उतरला, कस्टम्सने मोकळा केला, आता ट्रक पाठवा. यात कुठली अचाट कल्पना नाही. चाळीस वर्षे न कंटाळता करार आणि साचे सांभाळले, एवढेच.

याच्या शेजारी ट्रेडलेन्सची गोष्ट ठेवून पाहावी. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी 2018मध्ये ब्लॉकचेनवर आधारलेला जागतिक मंच जाहीर केला. हॅम्बुर्गचीच हापाग-लॉईड, एमएससी, सीएमए सीजीएम असे मोठे प्रतिस्पर्धीही त्यात पुढे सामील झाले. तंत्र उत्तम होते, पैसा होता, गाजावाजा होता. नोव्हेंबर 2022मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली. सगळ्या उद्योगाचे अपेक्षित सहकार्य मिळाले नाही, असे कारण कंपन्यांनीच दिले. स्पर्धकाच्या वहीत आपला हिशोब लिहायला कोण तयार होणार? ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही, हे खरे. पण ती नोंद मुळात कुणाची मानायची हा वाद त्याने सुटत नाही.

मराठी वाचकाला या सगळ्याचे जवळचे उदाहरण न्हावा शेव्याला सापडेल. 1989मध्ये सुरू झालेले हे बंदर आता आकाराने हॅम्बुर्गच्या जवळ आले आहे: हॅम्बुर्गने 2024मध्ये सुमारे 78 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने, माल हाताळला आणि न्हावा शेवा चालवणाऱ्या जेएनपीएने (पूर्वीचे जेएनपीटी) 2024-25मध्ये सुमारे 73 लाख. भारताने मात्र वेगळी वाट धरली. जपानच्या एनईसी कंपनीबरोबरच्या भागीदारीतून उभा राहिलेला 'लॉजिस्टिक्स डेटा बँक' हा प्रकल्प जुलै 2016मध्ये जेएनपीटीत सुरू झाला. कंटेनरला बंदरातच आरएफआयडी टॅग लावतात. टर्मिनलचे फाटक, बंदराबाहेरची कंटेनर-गोदामे (सीएफएस), देशांतर्गत कंटेनर डेपो आणि टोलनाके इथले वाचक तो टॅग टिपतात. प्रवास संपला की टॅग काढून घेतात. कंटेनरचा क्रमांक संकेतस्थळावर टाकला की तो शेवटचा कुठे टिपला गेला ते कुणालाही दिसते.

फरक नीट पाहण्यासारखा आहे. जर्मनीने आधीपासून चालत असलेले कागद जोडले. भारतात सगळ्यांचे कागद जुळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा कंटेनरलाच बिल्ला लावणे सोपे पडले, आणि सरकारने ते एका फटक्यात केले. म्हणून भारतीय पद्धत रस्त्यावरच्या कंटेनरबद्दल अधिक बोलते आणि तो का थांबला आहे याबद्दल कमी. ते 'का' कस्टम्सच्या आणि जहाज एजंटच्या नोंदींत असते. 2018चे पीसीएस-वनएक्स, 2022च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आलेले यूलिप आणि 2023चा सागरी लॉजिस्टिक्स मंच हे त्या नोंदी जोडण्याचे लागोपाठ प्रयत्न आहेत. इतक्या लागोपाठ मंच यावेत, यातच आधीचा मंच पुरा पडला नाही याची कबुली आहे.

नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला हे सारे पाठ आहे. अपेडा या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर त्याच्या बागेची नोंद असते, फवारणीच्या अंशाची तपासणी असते, प्रत्येक पॅलेट कुठल्या बागेतून आले हे युरोपातल्या खरेदीदाराला शोधता येते. 2010मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षे अडकली तेव्हा या माग काढण्याचे मोल साऱ्यांनाच कळले. पण ग्रेपनेटची नोंद कंटेनरचे दार बंद होऊन सील लागले की थांबते, आणि कंटेनरची नोंद तिथून सुरू होते. दोन्ही नोंदींचा सांधा म्हणजे एका कागदावरचा कंटेनर क्रमांक. 2023च्या अखेरीस लाल समुद्रातले हल्ले सुरू होऊन जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा द्राक्षांचा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. तेव्हा कळायला हवे होते की रीफरमधले तापमान आज किती आहे आणि जहाज खरोखर कधी लागणार. बागेचा पत्ता त्या वेळी कामाचा नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून कंटेनरमध्येच यंत्र बसवण्याची लाट आली आहे. रीफरमध्ये अशी यंत्रे आधीपासून होती. हापाग-लॉईडने 2022मध्ये जाहीर केले की आपल्या साध्या कंटेनरांच्या ताफ्यालाही माग देणारी यंत्रे बसवणार, आणि पुढच्या वर्षी ग्राहकांना त्यावरची सेवा द्यायला सुरुवात केली. यामुळे एक मोठी गोष्ट बदलते: टर्मिनल किंवा रेल्वे काय कळवते याची वाट न पाहता कंटेनर स्वतः बोलतो. पण जहाजाच्या पोटात, दहा-बारा थरांच्या लोखंडाखाली, त्याला आकाश दिसत नाही आणि तो गप्प होतो. यार्डातल्या थप्पीत तो जागा सांगतो ती 'या टर्मिनलमध्ये' एवढीच. कितव्या थरात ते टर्मिनलच सांगू शकते. थोडक्यात, जुन्या भाऊगर्दीत आणखी एक बोलणारा वाढला. तो फार उपयोगी आहे. तंटा मात्र तो मिटवत नाही. उलट टर्मिनलची नोंद चुकल्याचा पुरावा ग्राहकाच्या हाती देऊन नवा तंटा उभा करतो.

जागा कळली तरी आत काय आहे हा प्रश्न वेगळाच. 1 मे 2013ला हॅम्बुर्ग बंदरात 'अटलांटिक कार्टिअर' या जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे नऊ टन युरेनियम हेक्झाफ्लोराइड, सुमारे 180 टन इथेनॉल आणि दारूगोळा होता, आणि त्याच संध्याकाळी जवळच हजारो लोक चर्च-महोत्सवाच्या उद्घाटनाला जमले होते. धोकादायक मालाची नोंद आधीच केलेली असल्यामुळे अग्निशमन दलाला कोणते कंटेनर आधी उतरवायचे ते ठरवता आले. नोंद खरी असेल तर ती असा जीव वाचवते. ती खोटी असेल तेव्हाचे उदाहरण जानेवारी 2019मधले: अटलांटिकमध्ये हापाग-लॉईडच्या 'यांटियान एक्स्प्रेस'वर भडकलेली आग नारळाच्या कोळशाच्या कंटेनरपासून सुरू झाल्याचे पुढे आले, आणि तो माल वेगळ्या नावाने घोषित केलेला होता. ही लबाडी पकडायला याच कंपनीने आधीपासून एक संगणकीय पहारेकरी ठेवला होता, जो बुकिंगमधले संशयास्पद शब्द हुडकतो. 2015मध्ये त्याने चुकीच्या घोषणेची 4,314 प्रकरणे शोधली, आदल्या वर्षी 2,620. ज्याचा स्रोतच खोटे बोलतो त्याला इतर स्रोतांशी ताडल्याशिवाय पकडता येत नाही, आणि तरीही एखादा निसटतोच.

एकत्र आणलेली माहिती चोरालाही एकत्रच सापडते. 2011 ते 2013 या काळात अँटवर्प बंदरात तस्करांनी संगणकांत घुसून कंटेनर कुठे आहे आणि तो सोडवण्याचा संकेतांक काय, हे मिळवले. मग खऱ्या मालकाआधी त्यांचा ट्रक फाटकावर हजर. पुढे त्यांना संगणक फोडण्याचीही गरज उरली नाही, आतल्या माणसाकडून तो संकेतांक, म्हणजे पिन, विकत घेणे स्वस्त पडू लागले. फेब्रुवारी 2021मध्ये हॅम्बुर्गला पॅराग्वेहून आलेल्या कंटेनरांत, भिंतीला लावायच्या पुट्टीच्या डब्यांत दडवलेले 16 टन कोकेन सापडले. 2023मध्ये युरोपोलने हॅम्बुर्ग, ब्रेमरहाफेन, अँटवर्प आणि रॉटरडॅम या बंदरांच्या मदतीने केलेल्या अहवालात चोरलेल्या पिनवर कंटेनर पळवण्याची पद्धत उघड मांडली. दोष समजायला सोपा आहे: पिन ज्याच्या हातात, कंटेनर त्याचा, आणि तो पिन ईमेलमधून आठ-दहा जणांच्या नजरेखालून जाई. अँटवर्प आणि रॉटरडॅमने पिनची सुट्टी करून कंटेनर सोडवण्याचा हक्क एका ओळखीच्या कंपनीकडून दुसऱ्या ओळखीच्या कंपनीकडे संगणकातच सोपवण्याची पद्धत आणली. जर्मनीत त्यासाठी डाकोझी आणि डीबीएच या हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनच्या जुन्या संस्था 'जर्मन पोर्ट्स' या नावाखाली एकत्र आल्या आहेत. दोन शहरांची बंदरी चुरस ठाऊक असलेल्याला ही बातमी तंत्रज्ञानाच्या बातमीपेक्षा मोठी वाटेल.

आणि यंत्रणाच बंद पडली तर? 27 जून 2017ला नॉटपेट्या या सायबर हल्ल्याने मर्स्कचे जगभरचे संगणक आडवे केले. त्यांच्याच गटाकडे असलेले जेएनपीटीतले टर्मिनल त्या दिवशी ठप्प झाले आणि काही काळ कामे हाताने करावी लागली. कंपनीला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले, नुकसान 20 ते 30 कोटी डॉलर. तेव्हा जेएनपीटीच्या दाराशी उभ्या ट्रेलरांना शेजारच्या टर्मिनलच्या नोंदींचा काही उपयोग नव्हता, कारण प्रत्येक टर्मिनलची वही वेगळी. एकच वही असती तर सगळीच टर्मिनले एकदम थांबली असती. कील आणि एसेनच्या संशोधकांपासून पालघर जिल्ह्यात वाढवणला नवे बंदर उभारणाऱ्यांपर्यंत सगळे अधिकाधिक नोंदी एकत्र हव्यात असेच म्हणतात. मूळ नोंदी ज्याच्या त्याच्याकडे ठेवून मधल्या संस्थेने फक्त संदेश पोहोचवायचे, की सगळे एका भांडारात ओतायचे, यावर मात्र उघड चर्चा फार कमी होते. हॅम्बुर्गने पहिला मार्ग धरला तो सुरक्षेच्या विचाराने नव्हे. तीन गटांपैकी कुणीच दुसऱ्याला आपली वही द्यायला तयार नव्हता म्हणून.

दरम्यान, 1 जानेवारी 2026पासून समुद्रात पडलेल्या प्रत्येक कंटेनरची खबर कप्तानाने जवळच्या जहाजांना, किनारी देशाला आणि जहाज ज्याच्या ध्वजाखाली नोंदले आहे त्या देशाला लगेच देणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले आहे. खबरीत एक रकाना संख्येचा आहे, आणि नेमकी संख्या सांगता येत नसेल तर अंदाज देण्याची मुभा ठेवलेली आहे.